गल्लीचा भात

आमच्या गल्लीत सकाळी आधी धूर यायचा, मग उजेड. घरं बुटकी, कौलं डोक्याला टेकतील अशी, आणि खिडकी म्हणजे भिंत बांधताना राहून गेलेलं एक भोक. आत शेगडी पेटवली तर माणसं खोकत बाहेर पळायची. म्हणून प्रत्येक घरची बाई शेगडी दाराबाहेर आणून पेटवायची, पुठ्ठ्याने वारा घालत बसायची आणि कोळसा लाल झाला, धूर सरला, की दोन्ही कड्यांना फडकं धरून ती आत न्यायची. तेवढ्या वेळात गल्लीतल्या साऱ्या बायका समोरासमोर आलेल्या असत आणि रात्रीतून कोणाचं काय झालं ते धुरातून इकडून तिकडे जाई. मी तेव्हा अकरावीत होते. घरात उजेड नसे म्हणून पुस्तक मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायचे. अभ्यास किती होई ते देव जाणे, पण कोणाची सून रुसून माहेरी गेली आणि कोणाचा जावई पुन्हा पिऊन आला, हे मला तोंडपाठ असायचं.

माझे बाबा पितळेची भांडी ठोकत. भंडाऱ्यात तेव्हा हे काम घराघरांत चाले. दुकानांच्या मागच्या गल्ल्यांतून दिवसभर ठोक्यांचा आवाज येई. आमच्या पुढच्या पडवीत बाबांचं काम, मागच्या आवारात मायचा संसार. हातोडीचा आवाज आम्हांला ऐकू येत नसे, तो बंद पडला तरच ऐकू येई. गल्लीत मौत झाली की बाबा हातातलं भांडं तसंच खाली ठेवत आणि त्या शांततेनेच बऱ्याच घरांना बातमी कळे. मायला गप्प बसणं माहीत नव्हतं. ती हसायची मोठ्याने, रागवायची त्याहून मोठ्याने, आणि दुसऱ्याच्या घरातलं दुखणं आपल्याच पोटात दुखतंय असं तिला वाटे. शहापूरचं तिचं माहेर, भरल्या घरातली थोरली लेक. हुकूम सोडायची सवय तिने तिकडूनच आणली असावी.

आमच्या शेजारी शेवंतामावशी, ढिवराच्या घरची. तिचा नवरा वैनगंगेत जाळं टाकायचा आणि ती टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकत फिरायची. समोर खालाबी, शिलाई मशीनवर अख्ख्या गल्लीचे परकर-पोलके शिवणाऱ्या. त्यांच्या पलीकडे सुमनबाई. त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. घरात बुद्धाची तसबीर आणि बोलताना कोणाची भीडभाड नाही. शिवाय एकोडीकडचं शेत भावाला देऊन आलेलं एक घर, छत्तीसगडचे विटा घडवणारे, तेलुगू बोलणारा एक बेकरीवाला. देव वेगळे, बोली वेगळ्या, ताटात काय वाढलं जातं ते तर फारच वेगळं. एकाच्या घरच्या फोडणीच्या वासाने दुसऱ्याने दार लावून घ्यावं, असंही चाले. खोटं कशाला सांगू, आम्ही काही एकमेकांच्या गळ्यात गळे घालून राहत नव्हतो.

तरी बायकांची एक मंडळी होती. तिला नाव नव्हतं, पाटी नव्हती, वर्गणी नव्हती. कोणाच्या घरी मौत झाली की त्या घरात चूल पेटत नाही, हे आमच्याकडे होतं तसंच खालाबींकडे होतं, सुमनबाईंकडे होतं. गावाहून नातेवाईक येईपर्यंत त्या घराने खायचं काय? तर गल्लीचा भात. प्रत्येक घराने ओंजळभर तांदूळ द्यायचे. ते आमच्या मागच्या आवारात, बाबांनी घडवलेल्या मोठ्या गंजात शिजायचे. सोबत लाखोरीच्या डाळीचं वरण, हळद-मीठ घातलेलं, फोडणी नाही, कांदा-लसूण नाही. कोणालाच नको म्हणता येऊ नये म्हणून तसं. तांदूळ इतक्या घरांचे की कोणाचे जाडे, कोणाचे बारीक, कोणाचे नवे, कोणाचे रेशनचे. तो भात कधी एकसारखा शिजला नाही. काही शितं मऊ लगदा, काही दाताखाली कच्ची लागणारी. धानाच्या मुलखातल्या बायका, एरवी भाताचं शीत न् शीत मोकळं हवं म्हणून सुनांना बोल लावणाऱ्या. पण या भाताला कधी कोणी नाव ठेवलं नाही.

एक नियम मायने फार कडक पाळला होता. मौतीच्या घरी काही विचारायचं नाही. कोण गेलं, कसं गेलं, कधी गेलं, अवाक्षर नाही. झाकलेलं भांडं उंबऱ्याच्या आत ठेवायचं आणि परत यायचं. ती म्हणायची, "रडणाऱ्या माणसाले सांगायले लावणं म्हणजे त्याले पुन्हा मारणं हाय." आणि बहुतेक वेळा कळायचं कसं? सकाळी कोणाची शेगडी बाहेर आली नाही, आतून रडणं ऐकू आलं, की तेवढं पुरे व्हायचं.

आज मी हायवेजवळच्या फ्लॅटमध्ये राहते. आमच्या इमारतीचा मोबाइलवर ग्रुप आहे. कोणी वारलं की अर्ध्या तासात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते, मीही एक टाकते. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाने काय खाल्लं, हे मला अजून माहीत नाही.

मी अकरावीत होते त्या वर्षी होळीच्या थोडं आधी गल्लीच्या टोकाच्या घरात राजस्थानकडचं एक कुटुंब राहायला आलं. मुलगा मिठाईच्या दुकानात कारागीर. त्याची बायको केसर, हातभर घूंघट घेणारी. तिची दीडदोन वर्षांची गुड्डी. म्हातारे सासरे खाटेवरच, दम्याने बेजार. आणि सासू, जिला सगळे माजी म्हणू लागले. उंच, ताठ, हातात चांदीचं जाड कडं. कोणाशी फारसं बोलत नव्हती. केसरची शेगडी मात्र रोज बाहेर यायची आणि गुड्डी तिच्या पाठीवर लोंबकळत आमच्याकडे बघून हसायची. शेवंतामावशी तिला टोपलीतून मासा काढून दाखवायची, मग केसर घाईने तिला आत घेऊन जायची. मावशीला त्याची भारी गंमत वाटे.

होळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी त्यांची शेगडी बाहेर आली नाही. आतून बायकांचा गाण्यासारखा, लांबवलेला, चिरका सूर येत होता. शेवंतामावशीने कान दिला आणि म्हणाली, "बाई, रडून राहिल्या वो ह्या." थोड्या वेळाने केसर ओल्या केसांनी, अनवाणी, हातात पाण्याचा लोटा घेऊन कडुनिंबाच्या झाडाकडे जाऊन आली. दार पुन्हा लागलं. ऊन ओट्यावर आलं तरी धूर नाही. मायने कपाळावर हात मारला. "म्हातारा गेला. परक्या गावात, कोणी नाही गोताचं." बाबांनी हातोडी खाली ठेवली. घराघरांतून तांदूळ आले. भात उतरला तेव्हा त्याच्या वाफेने मायचा चेहरा दिसत नव्हता. मी वरणाचं भांडं घेऊन तिच्या मागे निघाले.

दार नुसतंच लोटलेलं होतं. मायने मान खाली घालून, एक शब्द न बोलता, गंज आत ठेवला. आणि समोर खाटेवर म्हातारा बसला होता. पुरी खात होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं, आणि त्याला सारं समजलं असावं, कारण तो खोकत खोकत हसला. "मैं तो अभी बैठा हूँ, बेटी."

तेवढ्यात आतल्या खोलीतून माजी आली. तिने वाफाळता भात पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तो दिवस त्यांच्या शीतळामातेचा होता. त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटत नाही, आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्नच खायचं, घरात ऊन-ऊन काही आणायचं नाही. आणलं तर माता कोपते आणि लेकरांच्या अंगावर उठते. मघाचा तो सूर मातेच्या गाण्यांचा होता. हे सगळं आम्हांला नंतर कळलं. तेव्हा माजी एवढंच म्हणाली, "आग ले आई मेरे घर में. आज के दिन." मायने गंज उचलला. तो उचलताना तिचे हात भाजले, तिला कळलंही नाही.

दोन-चार दिवसांत गुड्डीला ताप भरला आणि अंगावर पुरळ उठलं. त्यांच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला, दार बंद झालं. आमच्याकडेही अशा दुखण्याला माता आली असंच म्हणत, तेव्हा डहाळ्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही. केसर पाण्याला बाहेर यायची तेव्हा घूंघटातून फक्त हनुवटी दिसे. खालाबींनी एकदा तिला अडवून विचारलं, तर म्हणाली, "साँस अटकती है रात को." आणि पळाली. मायने त्या दिवसापासून जेवण टाकलं. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची, उठायची. गल्लीतल्या कोणी तिला बोल लावला नाही, पण तिला कोणी बोल लावायची गरजही नव्हती.

मग एका दुपारी खालाबींच्या ओट्यावर बायका जमल्या. सुमनबाई दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, अंगावर पांढरं लुगडं तसंच.

"गोवर आहे तो," त्या म्हणाल्या. "छातीत उतरला दिसते. आजच्या आज दवाखान्यात नेलं पाहिजे, नाही तर पोट्टी हातची जाईन."

"त्या म्हातारीले कोण सांगंन?" शेवंतामावशी म्हणाली. "माता घरात असताना लेकरू उंबऱ्याबाहेर नाही काढत ते लोकं. मी गेली होती काल. दार नाही उघडलं."

"माता गेली खड्ड्यात," सुमनबाई उसळून म्हणाल्या.

माय खाली बघत बोलली. तिचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सुमन, तू बरोबर बोलून राहिली. पण तिच्या घरात आग मी नेली. तिचं मन निवत नाही तोवर ती दार नाही उघडणार. अन् दार नाही उघडलं तर दवाखान्यात नेशीन कोणाले?"

थोड्या वेळाने शेवंतामावशीनेच वाट काढली. तिच्या मावशीला आठवत होतं म्हणे, नदीकाठच्या वस्तीत कोणाच्या हातून मातेचा असा अपमान झाला की अख्खी वस्ती एक दिवस चूल थंड ठेवायची. "उद्या गल्लीत कोणाचीच शेगडी नको. म्हातारीले दिसलं पाहिजे."

खालाबी लगेच म्हणाल्या, "मेरी तरफ से हाँ. रमज़ान में हमारा चूल्हा दिन भर ठंडा ही रहता है. बच्ची बच जाए बस."

सुमनबाई उठून उभ्या राहिल्या. "माह्या बापानं घरचे देव आपल्या हातानं नदीत टाकले. लोकायचा मार खाल्ला त्यासाठी. अन् मी आता देवीसाठी शेगडी विझवू? मले नाही जमणार, बाई. तुमी करा." आणि त्या घरी गेल्या. त्यांचा राग कोणाला आला नाही. मला तर त्याच खऱ्या वाटल्या, आणि मायही खरी वाटली, आणि दोघी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे मला त्या वयात कळेना. आताही फार कळतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी उजेड आधी आला. धूर आलाच नाही. गल्ली इतकी स्वच्छ दिसत होती की भीती वाटली. विझलेल्या शेगड्या दारोदार मांडून ठेवल्या होत्या. बेकरीवाल्याने भट्टी लावली नव्हती, बाबांनीही पितळ तापवायची लावली नव्हती. माय आपल्या शेगडीशेजारी अनवाणी बसून होती. सुमनबाईंच्या दाराकडे मी सारखी बघत होते. त्या बाहेर आल्या, दाराला कुलूप लावलं. त्यांची शेगडी ओट्यावर होती, कालच्या राखेसकट. मायने वर पाहिलं तेव्हा त्या चालता चालताच म्हणाल्या, "रातचा भात उरला होता." आणि ड्यूटीला निघून गेल्या.

ऊन चढल्यावर माजीचं दार उघडलं. ती बाहेर येऊन उभी राहिली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग चालू लागली. पहिल्या घरापाशी थांबली, वाकली, आणि शेगडीच्या राखेत तिने बोटं खुपसली. मग पुढच्या. छत्तीसगडवाल्यांच्या, शेवंतामावशीच्या, खालाबींच्या. चांदीचं कडं राखेने पांढरं झालं. सुमनबाईंच्या कुलूप लावलेल्या दारापुढेही ती वाकली. शेवटी आमच्यापाशी आली. मायकडे न बघता राखेत हात घातला आणि तो तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहिली. मग उठली, आणि मागे वळून केसरला हाक मारली, "ले आ छोरी को."

रिक्षात केसर, मांडीवर गुड्डी, शेजारी माय आणि पायांशी मी. पोरीची छाती खालीवर होताना घरघर ऐकू येत होती. माय सगळ्या रस्त्याने केसरचा हात धरून होती. सुमनबाई दवाखान्याच्या दारातच होत्या. त्यांनी काही न विचारता पोर उचलली आणि आत पळत गेल्या. डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. सुमनबाई आपली पाळी संपली तरी घरी आल्या नाहीत, माय आणि केसर आळीपाळीने खाटेशी बसत होत्या. पुढच्या दिवशी दुपारी गुड्डी गेली.

तिचं वय जाळण्याचं नव्हतं. बापाने तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि गल्लीतली माणसं त्याच्या मागून नदीकडे गेली. पुराचं पाणी पोचणार नाही अशी जागा शेवंतामावशीच्या नवऱ्याने दाखवली. खालाबींच्या मुलाने आणि बाबांनी खड्डा खणला. दोन दिवस आधी नेली असती तर, हे वाक्य गल्लीत प्रत्येकाच्या तोंडाशी आलं असणार. सुमनबाईंच्या तर नक्कीच. पण त्यांनी ते मरेपर्यंत उच्चारलं नाही, आणि त्यांच्या फटकळ तोंडाबद्दल कोणी काही बोललं की मला पहिलं हे आठवतं.

दुसऱ्या सकाळी शेगड्या पुन्हा बाहेर आल्या. माजीची आली नाही. सगळ्यांना दिसत होतं. सगळ्या मायकडे बघत होत्या. माय म्हणाली, "एवढ्या लहान लेकराच्या मौतीले भात नाही नेत." खरंच तसा प्रघात होता का, कोण जाणे. तिला त्या उंबऱ्यावर पुन्हा गंज ठेवायची हिंमत होत नव्हती, हे मला तिच्या हातांकडे पाहून कळत होतं. पुठ्ठा हलत होता आणि वारा भलतीकडेच जात होता. शेवंतामावशी म्हणाली, "मी नेऊ का वो?" माय म्हणाली, "नको. कोणीच नको जाऊ. आपण त्यायले पुरे केलं आता." तिचा जीव तुटत होता. आपण कधीही न पुसणारा अपशकुन त्या घराला केला, आणि आता आपण ज्याला हात लावू ते नासेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

कोळसे अर्धे लाल झाले असतील. धुरातून माजी येताना दिसली. रात्रीत वाकली होती ती. सरळ मायपुढे येऊन उभी राहिली. सगळ्या बायकांचे हात थांबले. मला वाटलं, आता ही म्हातारी मायला शाप देणार, आणि माय तो मुकाट्याने घेणार.

"बाई," ती म्हणाली, "मेरे घर चूल्हा नहीं जला."

मायने मान वर केली नाही.

"उस दिन कोई मरा नहीं था, तब तू ले आई थी. आज मरी है." म्हातारीचा आवाज फाटला. "आज क्यों नहीं लाती?"

माय उठली ती तिच्या गळ्यातच पडली. दोघी तशाच उभ्या होत्या, आणि मी मायला असं तोंड उघडून रडताना पहिल्यांदा पाहिलं. खालाबी आत गेल्या, सुमनबाई आत गेल्या, शेवंतामावशी गेली, आणि पदरात ओंजळभर तांदूळ घेऊन एकेक बाहेर येऊ लागली. मायने डोळे पुसले आणि मला गंज काढायला सांगितला.